नोकरी सांभाळून फिजिक्सची पीएचडी : काय होतं, काय होत नाही

एमएस्सी फिजिक्स झालं, घरची जबाबदारी आली, शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली आणि पीएचडी राहून गेली. आपल्या समाजात अशी मुलं-मुली जवळपास प्रत्येक शहरात भेटतात. त्यांच्याकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आम्हाला नेहमी दोनच प्रश्न येतात. नोकरी न सोडता पीएचडी करता येते का? आणि घरबसल्या, ऑनलाइन करता येते का? पहिल्याचं उत्तर हो आहे, दुसऱ्याचं नाही. या दोन्हींची गल्लत झाली की पैसेही जातात आणि वर्षंही जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सध्या देशभरातल्या विद्यापीठांना यूजीसीचे २०२२चे पीएचडी नियम लागू आहेत. ते ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. त्यांत अर्धवेळ पीएचडीला स्पष्ट परवानगी आहे. त्याच नियमांत हेही तितकंच स्पष्ट लिहिलंय की कोणतीही उच्च शिक्षण संस्था दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी चालवू शकत नाही. म्हणजे बीए, एमए जसं बाहेरून होतं तसं पीएचडीचं नाही. अर्धवेळ याचा अर्थ एवढाच की तुम्ही नोकरीत आहात. बाकी प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, प्रगतीचा अहवाल, प्रबंध, तोंडी परीक्षा हे सगळं पूर्णवेळ विद्यार्थ्यासारखंच.

मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींचं काय? "परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी, नोकरी करत करत" असं सांगणाऱ्या शिक्षण कंपन्यांबद्दल यूजीसी आणि एआयसीटीई या दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की अशा ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. नावापुढे डॉक्टर लावायची हौस भागेल, पण प्राध्यापकाच्या मुलाखतीत ते कागद चालणार नाहीत. फी भरण्याआधी घरातल्या कोणीतरी हा इशारा यूजीसीच्या वेबसाइटवर एकदा वाचावा.

प्रवेशासाठी एमएस्सीला ५५ टक्के लागतात. इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेयर), आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांना ५ टक्क्यांची सूट आहे. इथे आपल्याकडची एक नेहमीची गोष्ट सांगायला हवी. बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात, पण दाखला काढलेला नसतो, किंवा नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली असते. ५२ टक्क्यांवर अडकलेला मुलगा केवळ कागदापायी बाहेर राहतो. केंद्रीय परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. जे ओबीसीत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसचं बघावं. तहसीलचं काम आधी उरकून घ्या, अभ्यास त्यानंतरही होईल.

२०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशासाठी वापरले जातात. फिजिक्सवाल्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय भौतिक विज्ञान. निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ, असिस्टंट प्रोफेसर व पीएचडी, आणि फक्त पीएचडी. शेवटच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळतं, आणि हे गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. जेआरएफला वयाची अट आहे, पण असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीच्या गटांना नाही. चाळिशीतल्या शिक्षकालाही बसता येतं. काही विद्यापीठं स्वतःची पेट परीक्षाही घेतात, तेव्हा त्या त्या विद्यापीठाची चालू वर्षाची जाहिरात बघूनच ठरवा.

आता मालकाचं पत्र. अर्धवेळ विद्यार्थ्याला नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. एक, अर्धवेळ शिकायला परवानगी आहे. दोन, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल. तीन, गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. पहिल्या दोन ओळी कुठलंही व्यवस्थापन हसत देतं. तिसरी ओळ लिहिताना हात आखडतो. तोंडी "बघू की, तुम्ही करा सुरू" यावर विसंबून प्रवेश घेऊ नका. मुख्याध्यापक बदलतात, संस्थेचं मंडळ बदलतं, पण फाइलमधला कागद राहतो. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्याचे तास ठरलेले असतात, आणि नेमके तेव्हाच दहावीचे पेपर तपासणं किंवा निवडणुकीची ड्युटी आली तर ती तिसरी ओळच कामाला येते.

विषय निवडताना नकाशा समोर ठेवा

अर्धवेळ पीएचडीत हुशारी कमी पडल्याने थांबणारे थोडे. विषय चुकल्याने थांबणारे जास्त. फिजिक्समध्ये हे इतर विषयांपेक्षा अधिक खरं आहे. इतिहास किंवा मराठीचा विद्यार्थी पुस्तकं घरी आणू शकतो. एक्स-रेचं यंत्र घरी आणता येत नाही.

आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत फिजिक्सच्या पीएचडीचा मोठा हिस्सा पातळ थर आणि नॅनो पदार्थांवरचा असतो. काचेच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचा थर द्यायचा, भट्टीत तापवायचा, मग त्याची रचना एक्स-रे डिफ्रॅक्शनने तपासायची, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, प्रकाश किती शोषतो ते मोजायचं. काम चांगलं आहे, त्यातून सेन्सर, सौर घट, सुपरकपॅसिटर बनतात. पण एक सॅम्पल बनवायला द्रावण, फवारणी, तापवणं, हळूहळू थंड करणं असा आख्खा दिवस जातो, आणि दहातले सात सॅम्पल टाकून द्यावे लागतात. शाळा सुटल्यावर पाच वाजता निघून तीस किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तिथला शिपाई कुलूप लावत असतो. हा विषय अर्धवेळ करायचाच असेल तर प्रयोगशाळा घरापासून किंवा शाळेपासून चालत जाता येईल एवढी जवळ हवी, आणि उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुट्टीत ती उघडी असते का हे आधी विचारायला हवं.

सी. व्ही. रामन यांचं उदाहरण इथे चपखल बसतं. १९०७ मध्ये, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, ते कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले आणि दहा वर्षं ती नोकरी केली. कचेरीच्या आधी आणि नंतर ते बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिवेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत जात. ही प्रयोगशाळा त्यांच्या घराजवळ होती. त्या काळातलं त्यांचं काम तारांच्या कंपनांवर आणि वाद्यांवर होतं, म्हणजे महागडी यंत्रं न लागणारं. १९१७ मध्ये कमी पगारावर त्यांनी प्राध्यापकी पत्करली. रीतसर पीएचडी त्यांनी कधी केली नाही, पण नोकरी करून प्रयोग करायचे तर जागा जवळ आणि साधनं साधी हवीत, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

दुसरं उदाहरण खुद्द आइनस्टाइनचं. १९०२ पासून ते बर्नच्या पेटंट कचेरीत कारकुनी वजनाची नोकरी करत होते. १९०४ मध्ये मुलगा झाला. १९०५ मध्ये त्यांनी झुरिक विद्यापीठाला प्रबंध दिला, आल्फ्रेड क्लाइनर यांच्या हाताखाली, आणि जानेवारी १९०६ मध्ये पदवी मिळाली. त्याआधी दिलेला एक प्रबंध त्यांनी १९०२ मध्ये मागे घेतला होता, हेही सांगायला हवं. पदवी मिळवून देणारा विषय होता रेणूंचा आकार, आणि तो त्यांनी साखरेच्या द्रावणाच्या दाटपणावरून काढला. पण साखरेचं द्रावण त्यांनी स्वतः मोजलं नव्हतं. मोजमापं इतरांची, छापलेल्या तक्त्यांतली. त्यांचं ते गणित. रात्री बाळ झोपल्यावर घरच्या टेबलावर करता येण्यासारखं काम.

आजच्या काळात "इतरांची मोजमापं, आपलं गणित" याला मोठा वाव आहे, आणि नोकरदारासाठी आम्ही हीच वाट आधी सुचवतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिची जुनी निरीक्षणं ऑनलाइन संग्रहात मिळतात. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची माहिती इस्रोच्या संग्रहात आहे. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने टकरींची बरीच माहिती खुली केली आहे. गुरुत्वीय लहरींची मोजमापंही खुली आहेत, आणि त्याच साखळीतली लायगो-इंडिया आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या मुलांनी तिकडे लक्ष ठेवावं. हे सगळं वापरायला लागतं काय? लिनक्स चालणारा बऱ्यापैकी लॅपटॉप, मोठी हार्ड डिस्क, पायथन, आणि बरीच चिकाटी.

पदार्थविज्ञानातही प्रयोगाऐवजी संगणकावर हिशेब करून संशोधन होतं. अणूंची मांडणी दिली की तो पदार्थ वीज वाहील का, प्रकाश कुठला शोषेल, हे क्वांटम एस्प्रेसोसारखी मोफत सॉफ्टवेअर काढून देतात. लहान हिशेब लॅपटॉपवर होतो, मोठ्यासाठी विद्यापीठाच्या क्लस्टरवर घरून लॉगिन करून काम लावता येतं. रात्री लावलं, सकाळी फजरनंतर निकाल बघितला, असं चालतं. विद्यापीठात पाऊल न ठेवता होईल असा मात्र याचा अर्थ नाही. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे स्वतः जाऊन प्रगती सांगावी लागते. ती रजा आधीच धरून ठेवा.

ज्यांना प्रयोगच करायचे आहेत त्यांनी निराश होऊ नये. इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम, दिल्लीचं आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र, इंदूरच्याच आरआरकॅटमधला इंडस-२ सिंक्रोट्रॉन ही केंद्रं विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी उपकरणं खुली ठेवतात. प्रस्ताव पाठवायचा, मंजूर झाला की ठरलेल्या दिवशी सॅम्पल घेऊन जायचं. तारीख त्यांची असते, तुमच्या शाळेची परीक्षा त्यांना माहीत नसते, एवढं लक्षात ठेवा. आठवडाभर राहून दिवस-रात्र मोजमाप केलं की पुढचे सहा महिने घरी बसून त्याचंच विश्लेषण करता येतं. वर्षाच्या सगळ्या किरकोळ रजा साठवून अशा एका फेरीत घालणं, हे आम्हाला तरी शहाणपणाचं वाटतं.

गाइड आणि तास

गाइड निवडताना लोक नाव बघतात. आम्ही म्हणू, तीन साध्या गोष्टी बघा. त्यांच्याकडे जागा आहे का : प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला किती वर्षं आहेत : तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही, आणि चार-पाच उरली असतील तर अर्धवेळ विद्यार्थ्याने दोनदा विचार करावा. आणि त्यांचे आधीचे अर्धवेळ विद्यार्थी किती वर्षांत सुटले. हे तिसरं शोधगंगावर कळतं. शोधगंगा हा देशातल्या प्रबंधांचा मोफत ऑनलाइन संग्रह आहे. गाइडचं नाव टाका, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा, पुढे जमलं तर त्यांतल्या एखाद्याशी फोनवर बोला. दहा मिनिटांत जे कळेल ते माहितीपत्रकातून कळणार नाही.

मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे एकूण आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन, म्हणजे दहा. ऐकायला भरपूर वाटतं, पण हिशेब करून बघा. पूर्णवेळ विद्यार्थी आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे, तीन वर्षं काम करतो असं धरलं तर ६००० तास होतात. तुम्हाला तेवढेच तास सहा वर्षांत घालायचे तर आठवड्याला २० लागतात. रोज दोन तास सहा दिवस म्हणजे १२, आणि रविवारचे ८. यात लग्नं, मय्यत, रमजान, पाहुणे, आजारपण, ट्यूशन काहीच धरलेलं नाही. ज्याच्याकडे शाळेनंतर दोन ट्यूशनच्या बॅच आहेत त्याने एक बॅच सोडायची तयारी ठेवूनच नाव घालावं, आणि ती मिळकत कमी होणार हे घरात आधी बोलावं.

पैशाचं बोलायचं तर जेआरएफ हा पूर्णवेळ संशोधकासाठी असतो. पगार आणि फेलोशिप दोन्ही घेता येत नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफची ४२,००० रुपये झाली आहे, शिवाय घरभाडे भत्ता. विनाअनुदानित शाळेत त्याच्या निम्म्याने राबणाऱ्या तरुणाने स्वतःला विचारावं, की नोकरी सांभाळण्याचा हट्ट नक्की कशासाठी. वय तिशीच्या आत असेल (ओबीसी आणि स्त्रियांना पाच वर्षांची सूट) तर एक वर्ष झपाटून जेआरएफचा अभ्यास करणं हे अर्धवेळ सहा वर्षांपेक्षा स्वस्त पडू शकतं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. आपल्या कितीतरी मुलांची पूर्णवेळ पीएचडीची वाट त्याच फेलोशिपवर उभी होती. ती गेल्यामुळे नोकरी हाच अनेकांचा खर्चाचा आधार उरला, आणि अर्धवेळचे प्रश्न आमच्याकडे वाढले ते तेव्हापासून.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. एमएस्सी फिजिक्सच्या वर्गात आपल्या मुली दिसतात, पीएचडीच्या यादीत दिसत नाहीत. मध्ये लग्न असतं. नियम त्यांच्या बाजूने बरेच आहेत. एकूण दहा वर्षांची मुदत आहे, आणि पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. लग्नामुळे दुसऱ्या गावी जावं लागलं तर ठरावीक अटींवर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याचीही तरतूद आहे. ही शेवटची तरतूद फार कमी घरांना माहीत असते, म्हणून "आता सासरी गेली, संपलं" असं होतं. संपत नाही. रिश्त्याची बोलणी चालू असताना मुलीची नोंदणी झालेली असेल तर ती लपवू नये, गाइडचं गाव आणि सहामाहीच्या फेऱ्या दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात. मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना आहे, तिची चालू जाहिरात बघावी.

आखातात नोकरीला असलेले कोकणातले आणि इतर भाऊ विचारतात की तिथून भारतातल्या विद्यापीठात नाव घालता येईल का. कोर्सवर्कसाठी इथे राहावं लागेल, सहामाही बैठकांना यावं लागेल, आणि तिथल्या मालकाचं वर सांगितलेलं तीन ओळींचं पत्र लागेल. ते मिळवणं सोपं नाही. तिथे प्रत्यक्ष वर्ग भरणारं विद्यापीठ जवळ असेल तर त्याचीच चौकशी आधी करावी.

शेवटी कशासाठी करायची, हेही ठरवा. फक्त कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तर जुलै २०२३ पासून त्या पदासाठी पीएचडी सक्तीची नाही. नेट किंवा महाराष्ट्राची सेट पुरते. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागते. शाळेतल्या शिक्षकाच्या पगारात पीएचडीने लगेच फरक पडेल असं समजू नका. ज्याला फिजिक्सच करायचंय, त्याच्यासाठी वरचे हिशेब आहेत.

सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर सत्रासाठी. पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. त्यातले १०० गुण एकट्या शेवटच्या भागाचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. ज्यांची मुलं उर्दू किंवा मराठी माध्यमातून आली आहेत त्यांना भीती इंग्रजीची वाटते, पण या पेपरात इंग्रजी थोडं आणि गणित फार असतं. मागच्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. अर्ज भरायच्या आधी एमएस्सीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आणि आधारवरचं नाव ही सगळी एकत्र ठेवून नावाचं स्पेलिंग जुळवून बघा. शेख, शैख, खातून, बेगम, बी यांच्या स्पेलिंगवरून आपल्या मुलींचे अर्ज अडकतात, आणि राजपत्रात नाव दुरुस्त करून घ्यायला महिने लागतात.